हार्ड डिस्कचा सर्किट बोर्ड जळाला, आतला डेटा निघेल का?

कर्लीकाठ · १४ जुलै, २१:४०

नमस्कार मंडळी, तातडीने सल्ला हवा आहे.

आमच्याकडे सीगेटची ३ टीबीची डिस्क आहे, वेगळ्या अडॅप्टरवर चालणारी मोठी डबी. तिच्यावर दशावताराची रेकॉर्डिंग आहेत. कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी या पट्ट्यातल्या जत्रांमध्ये माझ्या थोरल्या काकांनी रात्र रात्र जागून केलेली. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की काका कॅमेरा आणि तिपाई घेऊन निघायचे. त्यातले काही कलावंत आता हयात नाहीत आणि त्यांचं दुसरं चित्रीकरण कुणाकडे असल्याचं आमच्या ऐकिवात नाही.

परवा घरात डिस्कला तिच्या अडॅप्टरऐवजी लॅपटॉपचा अडॅप्टर लागला. पिन अगदी तशीच बसते. डिस्कला १२ व्होल्ट लागतात, हा १९ व्होल्टचा. चट् असा आवाज झाला, करपल्याचा वास आला आणि लॅपटॉपच्या अडॅप्टरचा दिवा लुकलुकायला लागला. आता मूळचा अडॅप्टर लावला तरी ना दिवा, ना फिरण्याचा आवाज.

इथल्या एकाने सांगितलं की त्याच मॉडेलची जुनी डिस्क मिळव, तिचा खालचा हिरवा बोर्ड काढ आणि हिला लाव. ऑनलाइन असे नुसते बोर्डही विकायला आहेत. मागवू का? कुणी केलंय का हे? काकांना अजून सांगितलेलं नाही.

गिरणगाव · १४ जुलै, २१:५८

बिनधास्त मागवा. मी केलंय. ऑफिसातली ४० जीबीची डिस्क गेली होती. लॅमिंग्टन रोडवरून तसलीच एक जुनी आणली, बोर्ड अदलाबदल केला, जेवायच्या सुट्टीत काम फत्ते. चांदणीच्या आकाराचा स्क्रू ड्रायव्हर लागतो, टॉर्क्स टी६, तेवढाच काय तो खर्च.

नंदिनी · १४ जुलै, २२:०५

बोर्डाचं माहीत नाही, पण डिस्क पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली की एकदा तरी चालू होते असं ऐकलंय. करून बघायला काय हरकत?

धयकालो · १४ जुलै, २२:१७

रे बाबा, आधी काकांक सांग. डिस्क त्येंची, रेकॉर्डिंगा त्येंची. आणि कॅमेऱ्याच्यो जुन्यो कॅसेटी त्येंनी टाकल्यो नसतीत, खंयतरी पेटयेत आसतीत. त्यो बघ आधी.

तांब्याची तार · १४ जुलै, २२:४९

कर्लीकाठ, पहिलं काम म्हणजे त्या डिस्कला आता कुठलाही अडॅप्टर लावू नका. एकदा बघू, चालली तर चालली, असं करण्यातच उरलेले भाग जातात. माझं कामच डेटा रिकव्हरीचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गिरणगाव म्हणतात ते ४० जीबीच्या काळात खरं होतं. तेव्हा एका मॉडेलचे बोर्ड एकमेकांना चालायचे. पुढे तबकडीवर डेटा दाटीने बसायला लागला, तशी प्रत्येक डिस्क कारखान्यात वेगळी जुळवून घ्यावी लागली. कुठल्या हेडला, म्हणजे तबकडी वाचणाऱ्या टोकाला, किती करंट द्यायचा, कुठलं हेड कसं वाचतं, अशी त्या एकाच डिस्कची मापं बोर्डावरच्या आठ पायांच्या छोट्या चिपमध्ये, म्हणजे रॉममध्ये लिहिलेली असतात. हेड तबकडीच्या वर अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगतं. परक्या डिस्कची मापं देऊन ते चालवलं तर बहुतेक वेळा डिस्क ओळखलीच जात नाही. कधी टक्-टक् करत हेड आपटत राहतं आणि बोर्डापुरतं असलेलं दुखणं आत शिरतं.

म्हणून बोर्ड बदलायचाच झाला, तर जुन्यावरची ती चिप उतरवून नव्यावर बसवावी लागते. नंबरही जुळावा लागतो. सीगेटच्या बोर्डावर १०० ने सुरू होणारा नऊ आकडी नंबर असतो, वेस्टर्न डिजिटलच्या बोर्डावर २०६० ने सुरू होणारा. डिस्कच्या लेबलवरचा मॉडेल नंबर सारखा असला तरी खालचा बोर्ड वेगळा निघू शकतो.

पण तुमच्यावर बोर्ड बदलायची वेळ येणारच नाही असं मला वाटतं. डिस्कच्या बोर्डावर वीज शिरते तिथेच दोन काळे चौकोनी डायोड असतात, त्यांना टीव्हीएस म्हणतात. एक ५ व्होल्टच्या वाटेवर, दुसरा १२ व्होल्टच्या. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की हा डायोड ते सरळ ग्राउंडला वळवतो, आणि फारच झालं तर स्वतः शॉर्ट होऊन मरतो. बाकीचा बोर्ड वाचावा म्हणूनच तो तिथे बसवलेला असतो. लॅपटॉपच्या अडॅप्टरचा दिवा लुकलुकला याचा अर्थ त्याला पुढे शॉर्ट दिसला आणि त्याने आपलं तोंड मिटलं. हे मला आशेचं लक्षण वाटतं.

डबी उघडा. आत साधी साटा डिस्क, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत बसते तसली, आणि तिला जोडलेला यूएसबीचा छोटा बोर्ड मिळेल. डिस्क वेगळी करा. मग मल्टिमीटर बीपच्या खुणेवर ठेवा आणि डिस्कच्या बोर्डावरच्या त्या दोन्ही डायोडच्या टोकांवर प्रोब लावा, एकदा सुलट, एकदा उलट. दोन्हीकडून जवळजवळ शून्य ओहम आणि सलग बीप आला तर तो डायोड गेला. आकडे इथे लिहा.

नंदिनी, फ्रीजर अजिबात नको. बाहेर काढल्यावर आत दव धरतं, कोकणातल्या जुलैत तर नक्कीच. डिस्कच्या झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असतं, त्यातून दमट हवा आत जाते. आणि शॉर्ट झालेला डायोड थंडीने बरा होत नाही.

नंदिनी · १४ जुलै, २३:०२

बरं झालं विचारलं. फ्रीजरचा सल्ला मागे घेते.

अमेय_पणजी · १५ जुलै, ०८:१५

तांब्याची तार यांचा प्रतिसाद वाचनखुणांत साठवला.

किनारपट्टीवरच्या लोकांसाठी एक भर. बोर्ड काढाल तेव्हा त्याची आतली बाजूही बघा. तिथे हेडला जोडणाऱ्या छोट्या सोनेरी किंवा चंदेरी चौकटी असतात. आमच्याकडच्या खाऱ्या दमट हवेत त्या काळ्या पडतात. डिस्क फिरते पण ओळखली जात नाही, किंवा मध्येच लटकते, आणि सगळ्यांना वाटतं की हेड गेलं. आमच्या दुकानात अशा कितीतरी डिस्क नुसत्या त्या चौकटी साफ करून चालू झाल्या आहेत. शाळेतलं पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवायचं, भुगा नीट झटकायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पूर्ण सुकू द्यायचं. डिस्कच्या अंगावरच्या स्प्रिंगसारख्या पिनांना मात्र हात लावायचा नाही, त्या वाकतात.

एका गिऱ्हाईक बाईंना फोनवर सांगितलं, "काम झालं, खोडरबराने पुसली." पलीकडे एकदम शांतता. मग म्हणाल्या, "अहो, पण मला त्यातलं सगळं हवं होतं!"

गिरणगाव · १५ जुलै, ०८:४०

हाहाहा, अमेय, त्या बाईंना कधी एकदा डिस्क हातात येतेय असं झालं असेल!

तांब्याची तार, रॉमचं माहीत नव्हतं. पण मग ऑनलाइन बोर्ड विकणारे ‘हमखास चालेल’ असं लिहितात ते कसं?

तांब्याची तार · १५ जुलै, ०९:१०

त्यांतले बरे विक्रेते तळाशी लिहितात की रॉम बदलावी लागेल. काही जण तुमचा जुना बोर्ड मागवून घेऊन चिप बदलूनही देतात. वाचल्याशिवाय पैसे भरू नका इतकंच. वेस्टर्न डिजिटलच्या काही बोर्डांवर तर यू१२ असं छापलेली रॉमची जागा रिकामीच असते, कारण रॉम मुख्य प्रोसेसरच्या पोटात असते. तिथे तो मोठा प्रोसेसर हलवा, नाहीतर पीसी-३००० सारख्या यंत्राने काम करा. रशियातल्या एस लॅबचं ते यंत्र आमच्या धंद्यात बहुतेक ठिकाणी दिसतं.

धंतोली · १५ जुलै, १०:२२

माझा अनुभव लिहितो, कर्लीकाठ यांच्या कामाचा आहे.

भाच्याने कॉम्प्युटरला नवा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, घेतला, ज्याच्या केबल वेगळ्या काढता येतात तसला. जुन्या एसएमपीएसच्या केबल आत नीट बांधलेल्या होत्या, त्या तशाच ठेवून नव्याला जोडल्या. डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठल्या पिनेवर काय येणार हे प्रत्येक कंपनीचं निराळं, त्याला काही मानक नाही. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले आणि दोन डिस्क एकदम बसल्या.

दोन्हींचा ५ व्होल्टचा टीव्हीएस शॉर्ट दाखवत होता. एकीचा डायोड काढला आणि ती लगेच चालू झाली. दुसरीचाही काढला, तरी शॉर्ट तसाच. भिंगातून बघितलं तर मोटर चालवणाऱ्या चिपच्या पोटाला भोक. म्हणजे डायोडने पहारा केला, पण सगळा मारा त्याला झेपला नाही. तिला मग त्याच नंबरचा बोर्ड शोधून आठ पायांची चिप हलवावी लागली. तो बोर्ड मिळायलाच फार दिवस गेले, काम तासाभराचं. डेटा सगळा निघाला.

तेव्हा डायोड काढल्यावर पुन्हा मोजा. आधी मोजायचं, मग वीज द्यायची. हा क्रम कुठेही मोडू नका.

वारसा · १५ जुलै, ११:०५

मी सगळ्यांशी असहमत आहे आणि ते स्पष्ट लिहितो. जी गोष्ट जगात एकच आहे तिच्यावर घरगुती प्रयोग नकोत. मल्टिमीटर लावा, ठीक. पण सोल्डरिंग गन घेऊन बसू नका. सरळ चांगल्या लॅबकडे पाठवा. जुन्या कलावंतांचा आवाज पुन्हा ध्वनिमुद्रित करता येत नाही.

धंतोली · १५ जुलै, ११:४०

वारसा, काळजी रास्त आहे. पण लॅबवालाही पहिल्यांदा तोच डायोड काढून बघणार. कुडाळहून मुंबईला कुरिअरने डिस्क पाठवण्यातही जोखीम आहेच. हातात कसब असलेला माणूस गावात असेल तर हे काम तिथे होण्यासारखं आहे.

केतकी · १५ जुलै, १२:१८

वारसा यांच्या बाजूने, पण वेगळ्या कारणासाठी.

आमच्या घरची डिस्क अशीच विजेच्या झटक्याने गेली. जवळच्या एका दुकानात दिली. त्यांनी दुसऱ्या डिस्कचा बोर्ड लावून पाहिला, चालली नाही, म्हणाले ‘आतून गेली’. नंतर पुण्याच्या एका लॅबने विचारलं, मूळ बोर्ड कुठे आहे? दुकानदाराला विचारलं तर तो भंगारात गेलेला. त्याच्या दृष्टीने जळका बोर्ड म्हणजे कचरा. त्या बोर्डावरची रॉम शाबूत असणार होती! काही मॉडेलमध्ये तबकडीवरच्या राखीव भागातून ती माहिती पुन्हा बांधता येते, ते लॅबने केलं, पण खर्च कित्येक पटींनी वाढला आणि सगळं मिळालंच नाही. बाबांच्या आवाजातली आमच्या लहानपणची रेकॉर्डिंग त्यात होती. काही आहेत, काही गेली.

तेव्हा कुणाकडेही द्या, पण जुना बोर्ड, निघालेले स्क्रू, डबी, तिच्यातला यूएसबीचा बोर्ड, सगळं परत मागून घ्या. देतानाच लिहून घ्या आणि बोर्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा.

तांब्याची तार · १५ जुलै, १२:५५

केतकीताईंनी लिहिलं ते मी भिंतीवर लावतो. जळका बोर्ड हा डेटाचाच एक भाग आहे. आमच्याकडे लोक नुसती डिस्क घेऊन येतात, बोर्ड ‘खराब होता म्हणून टाकला’ म्हणतात, तेव्हा खरंच पोटात कालवतं.

वारसा, माझं मत मधलं आहे. डायोड शॉर्ट असेल आणि बाकी मोजमाप ठीक असेल तर हॉट एअर, म्हणजे गरम हवेने सोल्डर वितळवणारं यंत्र, सफाईने चालवणारा माणूस हे करू शकतो. गावातल्या चांगल्या मोबाईल दुरुस्तीवाल्याचा हात या कामात अनेक इंजिनिअरांपेक्षा स्थिर असतो, सूक्ष्मदर्शकही असतो. बोर्ड डिस्कपासून सोडवूनच गरम करायचा. पण डिस्कचं झाकण, जिथे ‘उघडल्यास वॉरंटी रद्द’ लिहिलेलं असतं, ते मात्र कुणीही, कुठल्याही कारणाने उघडायचं नाही. त्यासाठी धूळ येऊ न देणारा क्लीन बेंचच लागतो.

मृण्मयी_सनीव्हेल · १५ जुलै, २१:३०

इथे अजून एक वळण असू शकतं. डबीतल्या काही डिस्कमध्ये यूएसबीचा बोर्ड हा नुसता दुभाष्या नसतो, तो डेटा कूटबद्धही करतो. वेस्टर्न डिजिटलच्या माय पासपोर्ट आणि माय बुकच्या अनेक मॉडेलमध्ये तुम्ही पासवर्ड ठेवला नसला तरी यूएसबीची चिप सगळं एन्क्रिप्ट करूनच तबकडीवर लिहिते. डिस्क काढून थेट साटाला लावली तर नुसता अगम्य कचरा दिसतो. २०१५ मध्ये काही संशोधकांनी याच चिपांचा अभ्यास करून त्यांच्या सुरक्षेतल्या त्रुटी दाखवल्या होत्या.

माय पासपोर्टच्या बऱ्याच मॉडेलमध्ये तर यूएसबीचं सॉकेट थेट डिस्कच्या बोर्डावरच असतं, साटा नाहीच. तिथे यूएसबी सॉकेट तुटणं हेही बोर्डाचंच दुखणं होतं.

कर्लीकाठ, तुमची डिस्क सीगेटची आणि आत साटा आहे, त्यामुळे ही अडचण बहुधा नसेल. पण केतकी म्हणाल्या तसा डबीतला बोर्ड जपून ठेवाच.

गिरणगाव · १५ जुलै, २२:१०

अवांतर: माझ्याकडे एक डिस्क आहे, व्यवस्थित फिरते, आवाज निरोगी, पण बायोसमध्ये दिसत नाही. तीही बोर्डाची केस का?

धंतोली · १५ जुलै, २२:३५

फिरते आणि आवाज स्वच्छ आहे म्हणजे बोर्डाची वीज आणि मोटर ठीक. मग अमेय यांनी सांगितलेल्या चौकटी, नाहीतर फर्मवेअर, म्हणजे डिस्क चालवणारा तिच्यातलाच प्रोग्राम. २००८-०९ च्या सुमारास सीगेटच्या ७२००.११ मालिकेत असा प्रकार जगभर गाजला होता, डिस्क धडधाकट पण सुरू होताना फर्मवेअर अडकून बसायचं. लोकांनी बोर्ड बदलून बदलून पाहिले, उपयोग शून्य. शेवटी कंपनीने सुधारित फर्मवेअर काढलं. आवाज ऐकून अर्धं निदान होतं: पूर्ण शांत असेल तर बोर्डाकडे बघा, बारीक कुईकुई असेल तर हेड तबकडीला चिकटलं किंवा मोटर जाम, टक्-टक् असेल तर हेड किंवा चुकीची रॉम.

आणि डबी फोडून काढलेली मोठी डिस्क साध्या एसएमपीएसवर मुळीच फिरत नसेल तर अजून एक. काही नव्या डिस्कमध्ये साटाच्या तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क बंद राहते, तशी सोयच आहे. डिस्क शाबूत असते.

कर्लीकाठ · १६ जुलै, २०:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढी माणसं एवढ्या आस्थेने लिहितील असं वाटलं नव्हतं.

काकांना सांगितलं. थोडा वेळ गप्प बसले, मग स्वतःच टॉर्क्सचा सेट कुणाकडून तरी घेऊन आले. धयकालो, तुझा अंदाज अर्धा खरा. सुरुवातीच्या वर्षांच्या मिनी डीव्ही कॅसेट त्यांनी डालड्याच्या डब्यात जपून ठेवल्या आहेत. नंतरचं सगळं कार्डावरचं, ती कार्डं पुसून पुन्हा वापरली. त्यामुळे अलीकडची नाटकं फक्त डिस्कवरच.

डबी उघडली. यूएसबीच्या बोर्डावरची एक आयसी फाटलेली दिसते, वास तिथलाच होता. डिस्कच्या बोर्डावर जळल्याची खूण नाही. ५ व्होल्टचा डायोड एका बाजूने आकडा दाखवतो, दुसऱ्या बाजूने काही नाही. १२ व्होल्टचा दोन्हीकडून ०.४ ओहम, सलग बीप. बोर्डाचे फोटो काढून ठेवले.

तांब्याची तार · १६ जुलै, २०:२०

हेच हवं होतं. १२ व्होल्टचा डायोड गेला, ५ व्होल्टचा जिवंत आहे. तो एकच काढा, पुन्हा त्याच दोन टोकांवर मोजा. शॉर्ट गेला असेल तर बोर्ड परत लावा आणि डेस्कटॉपच्या चांगल्या एसएमपीएसवर चालवा. डबीतला बोर्ड वापरू नका. डायोडशिवाय डिस्क चालते, पण तिला आता संरक्षण नाही, म्हणून सगळं उतरवून होईपर्यंतच चालवायची. पावसाळ्यात वीज सारखी जात असेल तर यूपीएस लावा.

आणि चालू झाली की लगेच फाइली उघडून बघत बसू नका. आधी डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रामने पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, दुसऱ्या मोठ्या डिस्कवर घ्या. कुठे वाचलं, कुठे अडलं याची नोंद ते ठेवतं, मध्ये वीज गेली तर तिथूनच पुढे सुरू करता येतं.

कर्लीकाठ · १८ जुलै, १९:५०

बाजारातल्या मोबाईल दुरुस्तीवाल्या मुलाने डायोड काढला. काका शेजारी उभे होते. पुन्हा मोजलं, शॉर्ट गेला. एसएमपीएसला लावल्यावर डिस्क फिरली!

पण आता विंडोज ३ टीबीची डिस्क दाखवतं आणि म्हणतं की ती इनिशियलाइज करा. आत पार्टिशनच नाही म्हणे. काहीही दाबलेलं नाही, लगेच बंद केली. आत सगळं पुसलं गेलं का?

वारसा · १८ जुलै, २०:०२

काहीही दाबलं नाहीत हे फार छान केलंत. आता तसंच थांबा.

मृण्मयी_सनीव्हेल · १८ जुलै, २०:२५

काही पुसलेलं नाही. याचं कारण जळलेल्या यूएसबी बोर्डात आहे.

पार्टिशनची नोंद ठेवायची जुनी एमबीआर पद्धत ५१२ बाइटचे सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे लहान कप्पे, मोजते आणि तिचा आकडा साधारण २.२ टीबीला संपतो. विंडोज एक्सपीवरही ३ टीबीची डिस्क चालावी म्हणून त्या काळच्या बाहेरच्या डिस्कमधला यूएसबी बोर्ड आठ सेक्टर एकत्र करून ४०९६ बाइटचा एक सेक्टर आहे असं कॉम्प्युटरला सांगायचा. पार्टिशनची नोंद त्याच हिशोबाने लिहिली गेली. आता डिस्क थेट साटाला लावल्यावर ती ५१२ च्या हिशोबाने बोलते, त्यामुळे नोंदीतले पत्ते भलतीकडे जातात आणि विंडोजला पार्टिशन सापडत नाही. फाइली जागच्या जागी आहेत.

दोन मार्ग आहेत. अगदी त्याच मॉडेलची दुसरी डबी मिळवून तिच्यात डिस्क बसवा. किंवा डीडीरेस्क्यूने इमेज घ्या आणि लिनक्सवर ती लूप डिव्हाइस म्हणून, म्हणजे खरी डिस्क असल्यासारखी, जोडताना सेक्टरचा आकार ४०९६ सांगा, फक्त वाचण्यापुरती. मला दुसरा मार्ग जास्त आवडतो, कारण इमेज तुम्हाला घ्यायचीच आहे.

तांब्याची तार · १८ जुलै, २०:४१

मृण्मयी, १०० टक्के बरोबर. कर्लीकाठ, यावर शिक्कामोर्तब समजा. चेकडिस्क, म्हणजे विंडोजचा डिस्क दुरुस्त करू बघणारा प्रोग्राम, चालवायचा मोह कुणालाही होऊ देऊ नका, त्याने खरोखर नुकसान होईल.

नंदिनी · १८ जुलै, २१:१५

मी रोज हा धागा उघडून बघतेय. काकांना आमच्याकडून सांगा की सगळे वाट बघतायत.

कर्लीकाठ · २३ जुलै, २२:३०

निघालं. जवळजवळ सगळं निघालं!

इमेज घेताना अगदी थोडे सेक्टर वाचता आले नाहीत. मृण्मयीताईंनी सांगितल्याप्रमाणे ४०९६ ने जोडल्यावर फोल्डर जसेच्या तसे दिसले, गावाच्या आणि वर्षाच्या नावाने. वाचता न आलेले सेक्टर कुठल्या फाइलीत पडले ते शोधलं. एका नाटकाच्या पूर्वरंगात, संकासुराच्या प्रवेशात, चित्र मध्येच तुटतं. पखवाज आणि पायपेटी मात्र नीट ऐकू येते.

आता दोन वेगळ्या डिस्कवर प्रती केल्या आहेत. एक आमच्याकडे, एक पुण्याला बहिणीकडे. ज्या मंडळांची नाटकं आहेत त्यांनाही त्यांची त्यांची प्रत देतोय. सगळ्या अडॅप्टरांना व्होल्ट लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत.

धयकालो · २३ जुलै, २२:४१

जिंकलंस मर्दा! कॅसेटीपण कॉम्प्युटरवर घे आता, बुरशी लागूच्या आधी.

अमेय_पणजी · २३ जुलै, २२:५५

अभिनंदन! कॅसेटसाठी फायरवायर असलेला जुना कॅमेरा किंवा डेक लागेल. एका तासाच्या टेपला साधारण १३ जीबी धरा. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि टेप लावण्याआधी बुरशी दिसते का बघा, बुरशीची टेप हेडला लागली की पुढच्या सगळ्या टेपांना ती लागते.

वारसा · २३ जुलै, २३:१०

मी गावात काम करायला विरोध केला होता, पण त्या मुलाचा हात आणि तुमचा संयम दोन्ही कामी आले. मंडळांना प्रती देताय हे वाचून फार बरं वाटलं. प्रत्येक फाइलीबरोबर कलावंतांची नावं, नाटकाचं नाव, गाव आणि तारीख काकांकडून आत्ताच लिहून घ्या. हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसेल.

गिरणगाव · २४ जुलै, ०९:०५

माझ्या न दिसणाऱ्या डिस्कच्या चौकटी खोडरबराने साफ केल्या. दिसायला लागली! अमेय, लॅमिंग्टन रोडचा चहा तुम्हाला लागू.

कर्लीकाठ, ती डिस्क आता टाकून देणार का?

कर्लीकाठ · २४ जुलै, १३:२०

टाकणार नाही, काका तिला नवा डायोड बसवून तिसरी प्रत म्हणून ठेवायचं म्हणतायत. दुरुस्तीवाला मुलगा विचारतोय, कुठला आणू आणि कुठल्या बाजूने लावू?

तांब्याची तार · २४ जुलै, १३:४४

१२ व्होल्टसाठी एसएमबीजे१२ए. डायोडवर एका टोकाला पट्टी असते, ते टोक १२ व्होल्टच्या बाजूला, दुसरं ग्राउंडला. उलट लावला तर वीज देताक्षणी पुन्हा शॉर्ट होईल, म्हणून बसवल्यावर आधी मल्टिमीटरने दोन्हीकडून मोजायला सांगा.